पेरूच्या देशाला जाताना



गेल्या आठवड्यात टपालाने एक पत्र आले. पाकिटावर शिक्का तेरखेड्याचा. तुमच्यापैकी ज्या सोलापूर-धुळे रस्त्याने गेल्या असतील त्यांना हे गाव ठाऊक असेलच. धाराशिव जिल्ह्यातले, वाशी तालुक्यातले, फटाक्यांसाठी उभ्या मराठवाड्यात नाव असलेले गाव. पत्र पाठपोट लिहिलेले. त्यातला मुख्य भाग असा:

"ताई, माझी धाकटी लेक पेरू देशात लिमा या शहरी असते. जावयांची नोकरी तिथली. जानेवारीत तिचे दिवस भरतात. विहीणबाईंची तब्येत बरी नसते, त्यांना जमायचं नाही. लेक म्हणते, आई, तूच ये. हे म्हणतात, एवढ्या लांब बाईमाणसाने एकटीने जायचं काय नडलंय, तिथं दवाखाने नाहीत का? माझं वय एकसष्ट. मी पुण्याच्या पलीकडे कधी गेले नाही. तो देश कसा आहे, खायला काय मिळतं, भूकंप होतात म्हणे, ते खरं का? पोरीला होय म्हणू का न्हाई म्हणू?"

आणि सहीच्या खाली, दुसऱ्या शाईने, एक ओळ: "खरं सांगू का ताई, मला जायचंय."

मैत्रिणींनो, त्या एका ओळीसाठी आजचे सारे पान या ताईंना देते आहे. मुखवासाची कृती आणि लोकरी टोपी पुढच्या अंकात. आणि हे काही एका तेरखेड्यापुरते नाही. आज गावोगावी कुणाची ना कुणाची लेक परदेशी आहे. उद्या तुमच्याही घरी फोन वाजेल, "आई, येतेस ना?"

आधी नकाशा काढू या

तर ताई, नातवंडांचा नकाशा पुढे घ्या. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम काठावर, पॅसिफिक महासागराला लागून पेरू देश आहे. क्षेत्रफळ सुमारे १२ लाख ८५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या चौपटीहून थोडे जास्तच. पण माणसे किती? साडेतीन कोटींच्या आतच. आणि दर तीन माणसांतले जवळजवळ एक लिमातच राहते!

आपल्या पेरूच्या फळाचा आणि या देशाचा संबंध काय, हे तुम्हांला कुणीतरी विचारणारच. फळ मूळचे अमेरिका खंडातले, हे खरे. पण नाव देशावरून आले असे दिसत नाही. पोर्तुगीज भाषेत नासपतीला 'पेरा' म्हणतात. गोव्यात ते नाव या फळाला चिकटले, आणि तिथून आपला 'पेरू' झाला, असे बरेच अभ्यासक मानतात. लिमाच्या बाजारात पेरू हवा असेल तर 'ग्वायाबा' म्हणायचे. नाहीतर देशाचेच नाव घेऊन फळ मागाल आणि भाजीवाली हसेल!

देशाचे तीन पट्टे आहेत. समुद्राकाठी लांबच लांब वाळवंट, मध्ये अँडीज पर्वत, आणि पलीकडे अ‍ॅमेझॉनचे जंगल. लिमा समुद्राकाठी आहे, म्हणजे वाळवंटात. पिसारो नावाच्या स्पॅनिश सरदाराने १५३५ साली ते वसवले. त्याआधी तिथे इंका लोकांचे राज्य होते. पुढे २८ जुलै १८२१ रोजी स्वातंत्र्याची घोषणा झाली. आजही २८ आणि २९ जुलैला तिथे मोठा सण असतो. भाषा मुख्यतः स्पॅनिश. डोंगरात केचुआ आणि आयमारा या जुन्या भाषा अजून घरोघरी बोलतात.

घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तासांनी मागे. तुम्ही सकाळी सहाला सडा घालता तेव्हा लेकीकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ, साडेसात वाजलेले असतात. फोन करायला ही वेळ चांगली. चलनाला 'सोल' म्हणतात. २०२४ साली एक सोल साधारण २२ ते २५ रुपयांच्या घरात होता. दर बदलतो, तेव्हा निघताना पाहून घ्या.

हवा: ढग आहेत, पाऊस नाही

तिथले ऋतू आपल्या उलट. जानेवारी म्हणजे लिमाचा उन्हाळा. पण भिऊ नका, आपल्या मेसारखा नाही. २५ ते २८ अंश, दमट, सुती पातळ पुरे. जून ते सप्टेंबर हिवाळा. तेव्हा सूर्य कित्येक दिवस दिसत नाही, आभाळ राखेच्या रंगाचे असते. तिथले लोक त्याला 'गाढवाचे पोट' म्हणतात! धुणे वाळत नाही, पापडाला बुरा येतो.

आणि गंमत पाहा, एवढे ढग असून पाऊस नाही. वर्षभरात दोन सेंटिमीटरसुद्धा नाही. किनाऱ्याजवळून थंड पाण्याचा प्रवाह वाहतो, म्हणून ढग धुके होऊन राहतात, बरसत नाहीत. लिमाचे पाणी येते ते मुख्यतः डोंगरातून उतरणाऱ्या नदीचे. टेकड्यांवरच्या गरीब वस्त्यांत आजही बायका टँकरची वाट पाहतात. काही ठिकाणी टेकडीवर जाळी बांधून धुक्याचे पाणी गोळा करतात. मराठवाड्यातल्या बाईला हे सांगायला नको. हंड्याची किंमत तुम्हांला जितकी कळते तितकी कुणाला कळणार?

याच समुद्राशी आपलाही एक जुना हिशेब आहे. काही वर्षांनी एकदा पेरूजवळचे थंड पाणी गरम होते. नाताळच्या सुमारास हे दिसे म्हणून तिथल्या कोळ्यांनी त्याला 'एल निन्यो', म्हणजे बाळ येशू, असे नाव दिले. तसे झाले की तिथे मासे कमी होतात, आणि इकडे आपला पावसाळा बरेचदा, दरवेळी नव्हे, अपुरा पडतो. १९७२ साली पेरूची मासेमारी कोसळली, आणि त्याच साली महाराष्ट्रात तो मोठा दुष्काळ पडला. खडी फोडायला गेलेल्या, सुकडी खाऊन दिवस काढलेल्या बाया आपल्या घरांत अजून आहेत. २०१५ सालीही तेच. पुढच्याच वर्षी लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. तेव्हा ताई, हा देश तुम्ही समजता तितका परका नाही. त्याच्या समुद्राने तुमच्या शेतावर याआधीच परिणाम केला आहे.

भूकंप: खरे काय ते सांगते

तुम्ही विचारले, भूकंप होतात का? होतात. खोटा धीर देणार नाही. समुद्रतळाचा एक अवाढव्य थर खंडाच्या खाली सरकतो आहे, म्हणून तिथली जमीन वरचेवर हलते. ३१ मे १९७० रोजी उत्तरेकडच्या डोंगराळ भागात फार मोठा भूकंप झाला. वास्कारान शिखराचा बर्फ आणि दगड कोसळून युंगाय नावाचे गाव गाडले गेले. सगळी मिळून सुमारे सत्तर हजार माणसे गेली. २००७ सालच्या ऑगस्टमध्ये पिस्को शहरात पुन्हा मोठा धक्का बसला.

हे वाचून तुमच्या पोटात गोळा आला असेल. मला कळते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट तुमच्या जिल्ह्यातली बाई विसरेल कशी? गणपती विसर्जन करून माणसे झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांतली हजारो माणसे उठलीच नाहीत. पण माणसे मेली ती कशाने? जमीन हलली म्हणून नव्हे, घर अंगावर पडले म्हणून. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद. पेरूच्या डोंगरातही तसेच, कच्च्या विटांची घरे. भूकंपाची भीती घराच्या बांधणीवर अवलंबून असते, हे आपण फार मोठी किंमत देऊन शिकलो.

म्हणून लेकीला फोनवर तीन गोष्टी विचारा. इमारत सिमेंट-लोखंडाच्या खांबांची आहे का? घर समुद्राच्या अगदी काठाला, सखल जागी आहे की उंचावर? (मोठ्या धक्क्यानंतर लाटेची भीती सखल भागाला असते.) आणि इमारतीत हिरव्या पाटीवर पांढरे 'एस' अक्षर कुठे लावले आहे? ते अक्षर म्हणजे धक्क्याच्या वेळी उभे राहण्याची सुरक्षित जागा. तिथे शाळा-कचेऱ्यांतून याच्या तालमी घेतात. दाराजवळ एक पिशवी भरून ठेवतात: बॅटरी, पाणी, कागदपत्रे, औषधे, थोडे पैसे. घरात तान्हे असेल तर त्यात लंगोट आणि दुपटेही. लिफ्टने उतरायचे नाही. एवढे पाठ केलेत की झाले. भीती जात नाही, पण हातपाय गळत नाहीत.

चूल आणि बाजार

आता तुमचा खरा प्रांत. शाकाहारी माणसाचे लिमात अडत नाही, फक्त तोंडाने सांगावे लागते. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो', म्हणजे मांस नको, कोंबडी नको, मासे नको. नुसते 'मांस नको' म्हटलेत तर कोंबडी ताटात येईल, कारण त्यांच्या लेखी कोंबडी मांसात मोडत नाही! लिंबाच्या रसात मुरवलेले कच्चे मासे हा त्यांचा आवडता पदार्थ. डोंगरात गिनी-पिग खातात. नाक मुरडू नका, नम्रपणे 'नो, ग्रासियास' म्हणा.

बटाट्याचे माहेर म्हणजे हाच प्रदेश. उपासाला आपण जो बटाटा खातो तो मूळचा अँडीजचा. तिथे जांभळे, लाल, काळे, गाठीगाठींचे असे हजारो प्रकार आहेत. लिमात १९७१ पासून आंतरराष्ट्रीय बटाटा संशोधन केंद्रच आहे. बटाट्याला तिथे 'पापा' म्हणतात. नातवंडे ऐकून खिदळतील. डोंगरातल्या बायका बटाटे रात्री उघड्यावर गारठवतात, सकाळी पायांनी तुडवून पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. त्याला 'चुन्यो' म्हणतात, आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. आपल्या कुरडया-सांडग्यांची ही दूरची बहीणच! उकडलेल्या बटाट्यावर चीज आणि पिवळ्या मिरचीची चटणी घालून 'वांकाईना' करतात. तुम्हांला आवडेल. वर अंडे ठेवतात, नको असेल तर आधीच सांगायचे.

आणि शेंगदाणा! तोही दक्षिण अमेरिकेचाच. १९८७ साली पेरूच्या उत्तरेला सिपान येथे एका जुन्या राजाची कबर सापडली, सुमारे सतराशे वर्षांपूर्वीची. तिच्यात सोन्याच्या आणि चांदीच्या भुईमुगाच्या शेंगांची माळ निघाली. आपल्याकडे बोरमाळ, पुतळ्यांची माळ, तशी ही शेंगांची माळ. शेंगाचटणीवर वाढलेल्या आपल्या माणसांना याचे नवल वाटणार नाही, हो ना?

थोडे शब्द वहीत उतरवून घ्या. तांदूळ म्हणजे आरोस. मसूर लेंतेहास. हरभरे गार्बान्सोस. कांदा सेबोया. लसूण आहो. आले किओन. कोथिंबीर कुलांत्रो. जिरे कोमिनो. शेंगदाणे मानी. दूध लेचे. पाणी आग्वा. 'केवढ्याला?' म्हणजे 'कुआंतो कुएस्ता?' एवढ्यावर चार महिने स्वयंपाक निघतो. नळाचे पाणी मात्र उकळूनच प्यायचे, आणि बाळाच्या बाबतीत तर नक्कीच.

मंडईत भाजीवाली तुम्हांला 'कासेरिता' म्हणेल, आणि तुम्हीही तिला तेच म्हणायचे. आपले ठरलेले गिऱ्हाईक आणि ठरलेली भाजीवाली, दोघींना एकच शब्द. आणि आपण "वर दोन मिरच्या टाका की" म्हणतो, त्यालाही तिथे शब्द आहे, 'यापा'. जगात कुठेही जा, बायकांचा बाजार सारखाच.

बाळंतपणाचे सामान

डिंक, अळीव, मेथ्या, खारीक हे सारे आधीच डोळ्यांसमोर आले असेल. पण थांबा. पेरूच्या विमानतळावर शेतीमालाची कडक तपासणी असते. ताजी फळे, रोपे, पेरण्याजोगे बी, घरगुती दुधातुपाचे पदार्थ काढून घेतले जाण्याची शक्यता असते. अळीव आणि मेथ्या म्हणजे बीच! म्हणून सुट्या पुड्या बांधू नका. नेण्याजोगे तेवढेच, तयार केलेले, दुकानातले सीलबंद आणि छापील नावाचे पाकीट घ्या: सुंठपूड, मसाले, हळद. फॉर्मवर खरे ते लिहा, लपवू नका. लाडू तिथेच वळा. लोणी मिळते, ते कढवून तूप करा. लेकीच्या घरभर तो वास पसरला की अर्धे बाळंतपण पार पडलेच म्हणायचे.

वीज २२० व्होल्टची आहे. प्लगचे टोक वेगळे असू शकते, ते लेकीला विचारा.

तुम्ही तेरखेड्याच्या म्हणून एक खास सूचना. फटाक्याच्या गोदामात किंवा दुकानात वापरलेली बॅग आणि तिथले कपडे प्रवासाला घेऊ नका. विमानतळावर स्फोटकाच्या बारीकशा अंशाचीही तपासणी करतात. स्वच्छ, नवी बॅग घ्या. आणि नातवासाठी म्हणून फुलबाजीची एक पेटीसुद्धा नको. विमानात ती चालत नाहीच.

कागद आणि लस

आता सगळ्यांत महत्त्वाचे. हा भाग ह्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

पहिली गोष्ट व्हिसा. ज्यांच्याकडे अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा युरोपचा शेंगेन व्हिसा पुरेशा मुदतीचा आहे, अशा भारतीयांना पेरूने २०१७ पासून पाहुणे म्हणून व्हिसाशिवाय येऊ दिले आहे. तुमच्याकडे तसा नाही, म्हणजे दिल्लीतल्या पेरूच्या वकिलातीकडे अर्ज करावा लागेल. जावयांचे पत्र, त्यांचा राहण्याचा परवाना आणि परतीचे तिकीट जोडायचे. नियम बदलतात, तेव्हा वकिलातीला विचारूनच तिकीट काढा. विमान सरळ जात नाही, मध्ये बदलावे लागते. अमेरिकेवरून गेलात तर नुसते विमान बदलायलाही तिथला व्हिसा लागतो. युरोपातल्या काही विमानतळांवरही तसा परवाना लागतो, ते एजंटाकडून पक्के करून घ्या.

दुसरी गोष्ट लस. पेरूच्या जंगलभागात पीतज्वर, म्हणजे यलो फीव्हर, आहे. तुम्ही लिमात राहणार, तिथे त्याची भीती नाही. पण आपल्या सरकारचा नियम साऱ्या पेरू देशाला लागू आहे. तिथून येणाऱ्याकडे लशीचे प्रमाणपत्र हवे. नसेल तर परत आल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात. लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते, मुंबई-पुण्याला अशी केंद्रे आहेत. ती प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यायची. एकदा घेतली की जन्मभर चालते. मात्र ताई, तुम्ही साठीच्या पुढे आहात. या वयात पहिल्यांदा ही लस घेताना क्वचित त्रास होऊ शकतो, म्हणून तुमच्या डॉक्टरांना रक्तदाब, साखर, जुनी दुखणी सगळे सांगून विचारा. ते 'नको' म्हणाले तर तसे लेखी घ्या आणि केंद्रावर पुढे काय करायचे ते विचारा. लेकीच्या भरात ही गोष्ट दडपू नका. आजारी आई लेकीला उपयोगाची नाही.

तिसरी गोष्ट, प्रवासाचा विमा उतरवा, आणि औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह घ्या.

चौथी गोष्ट बाळाची. पेरूत जन्मलेल्या बाळाला तिथले नागरिकत्व मिळते. ते आपले भारतीय राहावे असे लेकीला वाटत असेल, तर जन्माची नोंद लिमातल्या भारतीय वकिलातीत एक वर्षाच्या आत करायची. बाळंतपणाच्या गडबडीत वर्ष कसे जाते कळत नाही. ही तारीख तुम्ही लक्षात ठेवा.

तिथे प्रत्येकाला दोन आडनावे असतात, आधी वडिलांचे, मग आईचे. लग्नानंतर बाईचे आडनाव बदलत नाही, आणि बाळाला दोघांचेही लागते. आपल्याकडे मधले नाव नवऱ्याचे, म्हणून फॉर्म भरताना घोटाळा होतो. पासपोर्टावर जसे आहे तसेच लिहा. आणि बाळाच्या नावात लेकीचे माहेरचे आडनाव दिसले तर दचकू नका. मी तर म्हणेन, मनातून थोड्या सुखावा!

रीतभात, आणि जपून

ओळख झाली की तिथे बायका गालाला गाल लावतात. अवघडल्यासारखे वाटले तर हसून नमस्कार करा, कुणी वाईट वाटून घेत नाही. बऱ्याच ठिकाणी संडासात कागद भांड्यात न टाकता शेजारच्या डब्यात टाकायचा असतो. लेकीच्या घरी एक तांब्या ठेवलात की आपली सोय झाली.

अलीकडच्या वर्षांत लिमात चोरी-लुटीच्या तक्रारी वाढल्या आहेत. सोन्याचे गंठण इथेच ठेवा, काळ्या मण्यांची साधी पोत पुरे. फोन रस्त्यात हातात धरून उभे राहू नका. रस्त्यावरची कोणतीही टॅक्सी थांबवू नका, जावयांनी बोलावलेलीच घ्या. पोलिसांचा नंबर १०५, तो भिंतीवर लिहून ठेवा.

तिथल्या बायकांविषयी दोन शब्द सांगायलाच हवेत. १९८० च्या सुमारास देशात महागाई आणि हिंसाचार माजला, तेव्हा लिमाच्या वस्त्यांतल्या बायकांनी एकत्र चुली मांडल्या. पाळीपाळीने रांधायचे आणि साऱ्या वस्तीला स्वस्तात जेवू घालायचे. १९८४ साली लिमात मुलांसाठी 'दुधाचा पेला' योजना सुरू झाली. तीही बायकांच्या समित्यांनीच उचलून धरली. त्यांतलीच एक मारिया एलेना मोयानो. बंदूकधाऱ्यांना ती घाबरली नाही, म्हणून १९९२ साली त्यांनी तिला मारले. वय अवघे तेहतीस. आपल्या बचतगटांतल्या बायकांनी हे नाव लक्षात ठेवावे.

पाहण्यासारखे

माचू पिचू पाहायचे मनात येईलच. इंका राजांनी पंधराव्या शतकात डोंगरात बांधलेली ही दगडी नगरी. २००७ च्या जगभरच्या मतदानात आपल्या ताजमहालाबरोबरच तिचीही नव्या सात आश्चर्यांत निवड झाली. पण तिथे जायचे ते कुस्कोवरून, आणि कुस्को सुमारे ३,४०० मीटर उंच. आपले कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे दुपटीहून जास्त! विमानातून उतरताच डोके दुखते, धाप लागते. पहिले दोन दिवस विश्रांती घ्यायची, हलके खायचे. कोकाच्या पानांचा चहा देतात. तिथे तो चालतो, पण ती पाने भारतात आणणे गुन्हा आहे. शिवाय जानेवारी-फेब्रुवारी तिथला पावसाळा. तेव्हा तान्ह्याला घेऊन तर मुळीच नको. बाळ मोठे झाले, तब्येतीने साथ दिली, तर मेनंतर पाहू.

शेवटी

ताई, तुम्ही डिसेंबरच्या मध्याला पोचलात तर एक गंमत होईल. नाताळच्या आदल्या रात्री ठोक्याला बारा वाजता सगळे लिमा फटाक्यांनी दणाणून जाते. उन्हाळ्यात गरम चॉकलेट पितात आणि बेदाण्याचा गोड पाव खातात. (त्यात अंडे असते, बरं का.) नव्या वर्षाला पिवळे कपडे शुभ मानतात, अगदी आपल्या हळदीसारखे. त्या आवाजाने तुम्हांला क्षणभर तेरखेड्यात असल्यासारखे वाटेल. दारूकामाची दुसरी बाजूही त्यांनी पाहिली आहे. २९ डिसेंबर २००१ रोजी लिमाच्या बाजारात फटाक्यांमुळे आग लागून जवळजवळ तीनशे माणसे गेली. तुमच्या गावाला हे वेगळे सांगायला नको.

आता तुमचा प्रश्न. होय म्हणू का न्हाई म्हणू?

ह्यांना विचारा, "तिथं दवाखाने नाहीत का?" या प्रश्नाचे उत्तर त्यांना हवे आहे का. दवाखाने आहेत, चांगले आहेत. पण बाळंतिणीला रात्री तीन वाजता रडू येते तेव्हा दवाखाना उपयोगी पडत नाही. तेव्हा "हो, माझंही असंच झालं होतं" असे म्हणणारे कुणीतरी जवळ लागते. परमुलखात, परभाषेत तर जास्तच. आणि ह्यांची खरी काळजी वेगळी असेल, मागे आपले कसे होईल ही. पुरुष ते बोलून दाखवत नाहीत. म्हणून रागावू नका. आतापासून त्यांना वरणभाताचा कुकर लावायला शिकवा. थोरल्या सुनेला किंवा शेजारणीला सांगून ठेवा. रोज सकाळी सहाला फोन करायचा, असे ठरवून टाका.

डॉक्टरांनी होकार दिला, कागद जमले, तर तुम्ही जा. कागदांना वेळ लागतो, तेव्हा आजच लेकीला कळवा. आणि ते दुसऱ्या शाईने लिहिलेले वाक्य मला नको, ह्यांना सांगा. जेवणे झाल्यावर, शांतपणे, डोळ्यांत बघून: "मला जायचंय." तीस-चाळीस वर्षे त्यांच्या घरात तुम्ही किती वेळा असे म्हणाला असाल? ते ऐकतील, असे मला वाटते.

पोचलात की चार ओळी टाका. मुलगा की मुलगी, आणि डिंकाचे लाडू तिथल्या लोण्याच्या तुपात कसे झाले, ते आम्हां साऱ्यांना वाचायचे आहे.

तुमची,
ताई